झाडाच्या पोटाकडची फळी

३० ऑगस्ट १९५७, शुक्रवार

शेजारच्या हाल्दोरची शिडी आज करायला घेतली. चौदा पायऱ्यांची हवीय त्याला. त्याची सफरचंदाची झाडं म्हातारी झाली तरी उंची सोडत नाहीत, आणि चांगली फळं मेली नेमकी शेंड्याला. पायऱ्यांसाठी ॲश काढून ठेवलंय. ॲशसारखं इमानी लाकूड नाही. वाकेल, कुरकुरेल, दहा वेळा ओरडून सांगेल आणि मगच मोडेल. उभे दांडे मात्र स्प्रूसचे. ओकचे केले तर शिडी उचलायला घोडा जुंपावा लागेल.

एक दांडा सपाटीवरच्या झाडाचा निघाला, सरळसोट. दुसऱ्याला तेवढ्या लांबीचं लाकूड उरलं नव्हतं, म्हणून डोंगरउतारावरच्या झाडाची फळी घेतली. उतारावरचं झाड दरीकडे झुकतं, त्याचा सगळा भार पोटाकडे येतो, आणि तिथलं लाकूड लालसर, जड, शिंगासारखं कडक होतं. आम्ही त्याला तेन्नार म्हणतो. आजोबा तेन्नारच्या स्की करायचे. बर्फावर अशा पळायच्या की बस, आणि सात हिवाळे झिजायचं नाव नाही. आमच्या घरात तेन्नार म्हणजे सोनं. हाल्दोर संध्याकाळी डोकावला, फळी हातात तोलून म्हणाला, "हा दांडा तर माझ्यानंतरही राहील रे!"

रंधा आज नीट चालेना. लांब छिलका निघायच्या ऐवजी नुसता चुरा पडत होता, शिळ्या पावासारखा. पातं बोथट झालं असेल. तीनदा धार लावली.

५ सप्टेंबर, गुरुवार

शिडी पोचती केली. या वेळी दांड्यांना लाल रंग दिला, कोठाराला देतात तो. एरवी नुसतं जवसाचं तेल लावतो. आस्लाउग नाक मुरडून म्हणाली, "शिडीला रंग? बाबा काय म्हणायचे आठवतंय ना? रंगवलेली शिडी आणि न्हाऊ घातलेला घोडा बाजारात घेऊ नये." नवरा गेल्यापासून ही बहीण माझ्याकडे राहते आणि बाबांची सगळी वाक्यं तिनेच पाठ केलीत.

म्हटलं, "उठून दिसते, म्हणून दिला."

१७ सप्टेंबर, मंगळवार

हाल्दोर पडला.

अकराच्या सुमाराला हाल्दोरच्या बायकोची, गुन्वोरची, किंकाळी ऐकली. हातातली करवत तशीच टाकून दगडी बांध ओलांडून त्यांच्या बागेत धावलो. हाल्दोर गवतात पडलेला, डावा पाय भलतीकडेच वळलेला, तोंड पांढरंफटक, शुद्ध नाही. गुन्वोरने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. सफरचंदं सगळीकडे सांडलेली. शिडी शेजारी आडवी, तिचा एक दांडा मधोमध मोडलेला.

मी आधी दांड्याकडे पाहिलं आणि मग हाल्दोरकडे. हे इथे लिहून ठेवतो. दुसऱ्या कुणाला सांगणार?

तेवढ्यात हाल्दोरची आई, तोराकाकू, काठी टेकत आली. मुलाला पाहून तिने पहिला प्रश्न सुनेला केला. "शिडी सोडलीस ना?"

"नाही हो आई, धरली होती. पोस्टमनने रस्त्यावरून हाक मारली म्हणून एक हात वर केला... एकच हात..."

"एक हात! वर नवरा टांगलेला, आणि ही बया खाली हात हलवतेय!"

गुन्वोर माझ्याकडे वळली. "सीव्हर्टभाऊ, शिडी मोडलीय बघा. मोडली कशी?"

शेजारपाजारचे चौघेजण जमले होते. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. गावातल्या निम्म्या शिड्या माझ्याच हातच्या, मला नाही कळणार तर कुणाला? मी म्हणालो, "सरकली असेल आणि पडताना बांधाच्या दगडावर आदळली असेल."

बस्स, एवढंच. विचार करून बोललो असं नाही, आपोआप तोंडातून निघालं. गुन्वोरने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग गाडी आली आणि हाल्दोरला शीएनच्या इस्पितळात घेऊन गेली.

१८ सप्टेंबर, बुधवार

"दुरुस्त करून आणतो," असं सांगून शिडी घेऊन आलो. मोडलेल्या दांड्याची शिडी कोण दुरुस्त करतं? पण कुणी काही विचारलं नाही.

दार लावून मोडलेली जागा नीट पाहिली. चांगलं स्प्रूस मोडताना फाटतं, वीतभर लांब कुसळं निघतात. हे गाजरासारखं मोडलंय. सपाट. आवाजही झाला नसेल. तेन्नार घासायला कडक, दाबायला कडक, पण वाकवलं की न सांगता जातं. स्कीच्या तळाला त्याने जन्म काढावा, माणसाचं वजन तोलायला ते नाही. हे मला आज कळलं. आधी कळायला काही मार्गच नव्हता.

दांड्याचे तुकडे करून चुलीजवळच्या खोक्यात टाकले. आस्लाउग कॉफी करत होती. तिने खोक्यात पाहिलं.

"यातलं काय जाळू?"

"सगळंच."

"बरं," म्हणाली. तिचा गुडघा दुखत असावा, दिवसभर माझ्याशी तुटक वागली.

२२ सप्टेंबर, रविवार

चर्चच्या अंगणात दुसरा विषय नाही. म्हणे पोस्टमनशी गप्पा मारत होती. म्हणे पहिल्यापासूनच तिचं लक्ष घरात कमी. कुणीतरी मला विचारलं, "तू तर तिथे होतास, काय झालं नेमकं?" म्हटलं, "मी नंतर पोचलो." हे खरंच आहे. मी नंतरच पोचलो होतो.

गुन्वोर फाटकापाशी एकटी उभी होती. मी जाऊन हाल्दोरची चौकशी केली. मांडीचं हाड गुडघ्यापाशी मोडलंय, डावा पाय आता गुडघ्यात वाकणार नाही. म्हणाली, "तुम्ही एकटेच येऊन विचारता हो. बाकीचे मला बघून वाट बदलतात."

जेवताना आस्लाउगने विचारलं, "घास का अडकतोय?"

"मांस वातड आहे."

"खाई त्याला खवखवे," म्हणाली आणि ताट उचलून गेली.

३ ऑक्टोबर, गुरुवार

दोन आठवडे दुसरं काम हाती घेतलेलं नाही. हाल्दोर घरी येईल तेव्हा त्याला काय काय लागेल ते सगळं मीच करतोय. दारापुढच्या उतरत्या फळ्यांना लार्च घेतलं, कारण ओल लार्चला खात नाही. पलंगाच्या कठड्याला बर्च. बर्च घरात राजा आहे, पण बाहेर ठेवलं तर दोन वर्षांत बुरशी. बसून अंघोळ करायच्या पाटाला ॲस्पेन, म्हणजे चीक येणार नाही आणि कातडीला चटका बसणार नाही. लोक म्हणतात पानं झडणाऱ्या झाडाचं लाकूड कडक आणि सुईसारख्या पानांचं मऊ. ॲस्पेनची पानं झडतात तरी त्यात नख रुततं, आणि तेन्नार सुईवाल्या स्प्रूसचं, तरी त्यावर खिळा वाकतो. नावावर जाऊ नये.

कुबड्यांना ॲश. तुकडा न् तुकडा उजेडात धरून पाहिला. रेष एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग हवी, कुठेही बाहेर पळालेली नको. अठरा तुकडे बाद केले. आयुष्यात इतकं पाहून कधी घेतलं नव्हतं.

पैसे घेणार नाही म्हटल्यावर गुन्वोरच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यामुळे तुम्हाला केवढा त्रास," म्हणाली. मी घाईघाईने घरी आलो.

१९ ऑक्टोबर, शनिवार

हाल्दोर आला. पार वाळलाय. कुबड्या काखेत घेऊन चार पावलं टाकली, त्यांच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "सीव्हर्ट, तुझ्या हातात देव आहे बघ." पडल्याचं त्याला काही म्हणजे काही आठवत नाही. शिडी टेकवलेली आठवते आणि एकदम इस्पितळाचं छत.

आम्ही कॉफी घेत होतो. वाफल्स होते, वर तपकिरी चीज. तोराकाकू म्हणाली, "बशी नीट धर ग, तेवढी तरी सोडू नकोस."

हाल्दोरने टेबलावर हात पसरून बायकोचा हात धरला. "आई, पुरे आता. मी हिला माफ केलंय. माणसाच्या हातून चूक होते. गुन्वोर, ऐकतेस ना? मी माफ केलंय तुला."

गुन्वोर मान खाली घालून म्हणाली, "हो. देव तुमचं भलं करो."

आणि मी काय केलं? वाफल खाल्ला. दुसराही घेतला, कारण तोंड रिकामं ठेवायची भीती वाटली.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आज मनाशी हिशेब लावला. हाल्दोर जिवंत आहे. बोललो म्हणून त्याचा पाय वाकणार नाही. नवऱ्याने माफ केलंय, म्हणजे गुन्वोरचंही निभावलं. मी बोललो तर माझ्या शिड्या कुणी घेणार नाही आणि आस्लाउगला मी काय खायला घालू? म्हणजे गप्प राहणंच सगळ्यांच्या हिताचं.

आस्लाउगला हे अर्थात काही माहीत नाही. पण हल्ली ती माझ्याशी फक्त "जेवण वाढलंय" एवढंच बोलते. गुडघ्याचं दुखणं मेलं माणसाला असं चिडचिडं करतं.

६ नोव्हेंबर, बुधवार

गुन्वोर कामाच्या शेडमध्ये आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना. खूप वेळ छिलक्यांच्या ढिगाकडे बघत होती.

"सीव्हर्टभाऊ, तुम्हाला लाकडातलं कळतं म्हणून विचारते. शिडी सरकायच्या किंवा मोडायच्या आधी करकरते का हो? कळतं का आधी?"

"का?"

"मी रोज आठवून बघते. करकर ऐकू आली होती का. आली असेल आणि मी पोस्टमनकडे बघत असेन, तर... म्हणजे वेळ होता ना? ओरडायला? पहिल्यांदा मला काहीच आठवत नव्हतं. आता कधीकधी वाटतं, ऐकू आली होती."

म्हटलं, "काही लाकडं करकरतात. काही नाही."

"आपली कोणती होती?"

"पायऱ्या ॲशच्या होत्या," मी म्हणालो. देवा, पायऱ्या!

तिने मान हलवली. मग म्हणाली की सोमवारी ती नोतोद्देनला बहिणीकडे जातेय. किती दिवस? "बघू." काल तोराकाकूने हाल्दोरच्या समोरच म्हटलं, या हातांनी त्याला सूप वाढू नकोस. आणि हाल्दोर गप्प बसला. "माफ करून करून तेही दमले असतील," गुन्वोर म्हणाली. मग पोरीबाळीसारखी बाहीने डोळे पुसून निघून गेली.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आता खरं लिहितो. वही माझी आहे, हिच्याशी तरी कशाला चोरी?

मला माहीत होतं.

रंध्याचं पातं बोथट नव्हतं. पहिल्यांदा धार लावली तेव्हाच माहीत होतं. चुरा पडायला लागला की ते लाकूड वजनाखाली घालायचं नाही, हे बाबांनी मी लहान असतानाच शिकवलं होतं. स्कीला घाल, घसरगाडीच्या पट्ट्यांना घाल, शिडीला नाही. पण दुसरी फळी आणायला लाकूड कापायच्या गिरणीवर जावं लागलं असतं, हाल्दोरला घाई होती, तो फळी तोलून खूश झाला होता, आणि मला माझ्या आजोबांच्या तेन्नारची मिजास. म्हटलं, चालून जाईल. आणि चालून जाईल असं खरंच वाटलं असतं तर रंग कशाला दिला असता?

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली गावाने, आणि दोर मी वळून दिला.

सकाळी कॉफीच्या कपाशेजारी टेबलावर दांड्याचा तुकडा ठेवलेला होता. मोडलेल्या टोकाचा. जाळलाच नव्हता तिने. सात आठवडे कुठे ठेवला होता देव जाणे.

"आस्लाउग, तुला..."

"कोट खुंटीवर आहे," ती म्हणाली. "ती अजून घरी आहे तोवर जा."

गेलो. गुन्वोर स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. तुकडा तिच्यापुढे ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगितलं. बसलो असतो तर पुन्हा पायऱ्यांबद्दल बोललो असतो. हे लाकूड करकरत नाही. आधी काहीच सांगत नाही. शिडी सरकली नव्हती, दगडावर आदळलीही नव्हती. हाल्दोर वर असतानाच मोडली. तू दोन हातांनी धरली असतीस, गावातल्या दहाजणांनी धरली असती, तरी मोडलीच असती. मला आधी माहीत होतं.

तिने सुरी खाली ठेवली. "म्हणजे आवाज झालाच नाही?"

"नाही."

"मी ऐकला नाही, कारण नव्हताच?"

"नव्हताच."

तिने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मला वाटलं, रडेल. मूर्खासारखं मला क्षणभर बरंही वाटलं. मग तिने डोळे उघडले.

"सात आठवडे. सात आठवडे तू या टेबलावर बसून माझ्या हातची कॉफी प्यायलास. ते मला माफ करायचे आणि तू ऐकायचास! मी त्यांना देव तुमचं भलं करो म्हणायचे आणि तू वाफल खायचास! काल तुझ्या दारात आले होते रे मी. कुत्र्यासारखी दारात उभी होते. तेव्हा सुद्धा तुझी जीभ उचलली नाही?"

"नाही."

"का?"

"भ्यालो."

"आणि मी? मी नव्हते भ्याले? माझे हात मला तोडून टाकावेसे वाटायचे!" तिने तुकडा उचलला आणि माझ्या छातीवर आपटला. "चल आत. त्यांना सांग. मला सांगितलंस तस्संच."

हाल्दोर पलंगावर टेकून बसला होता, मी केलेल्या कठड्याला धरून. तोराकाकू खिडकीशी विणत होती. सगळं पुन्हा सांगितलं. एक शब्द गाळला नाही. काकूच्या सुया थांबल्या. हाल्दोरने तो तुकडा मागून घेतला, मोडलेल्या टोकावरून बोट फिरवलं, उलटा करून पाहिला. बराच वेळ तो माझ्याकडे बघेल म्हणून मी वाट पाहत होतो. त्याने बघितलंच नाही. तो बायकोकडे बघत होता.

"गुन्वोर," तो म्हणाला, "तू धरली होतीस?"

"धरली होती. एका हाताने, पण धरली होती."

"हे मी तुला विचारलंच नाही."

"नाही. कुणीच विचारलं नाही."

मोठा बाप्या माणूस, पण हाल्दोर हुंदके देऊन रडला. काकू लोकर सावरत उठली आणि बाहेर गेली. मी म्हटलं, "हाल्दोर, मला..."

"आज नको," तो म्हणाला. "तू आज काही मागू नकोस."

१० नोव्हेंबर, रविवार

प्रार्थना संपल्यावर अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं. आस्लाउग माझ्या शेजारी उभी राहिली, हात धरला नाही पण हललीही नाही. कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी येताना रस्त्यात एकानेही टोपी काढून ओळख दिली नाही.

गुन्वोर चर्चमध्ये आली होती. पुढच्या बाकावर, सासूच्या शेजारी. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, पण प्रार्थनेचं पुस्तक एकच होतं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

लोक शिड्या परत आणून टाकताहेत. अंगणात अकरा झाल्या. कुणी हाक मारत नाही, भिंतीला टेकवतात आणि जातात. मी एकेकीचं तेल खरवडून, उजेडात धरून, रेषा तपासतोय. दहा धड आहेत. अकराव्या शिडीच्या दांड्यात, खालून चौथ्या पायरीपाशी, तेन्नारचा लाल पट्टा निघाला. बोटभर रुंद. चार वर्षांपूर्वीची शिडी. ती घेणाऱ्याची धाकटी मुलगी संपूर्ण हंगाम तिच्यावर चढून फळं काढत होती. मी ती तिथेच करवतीने कापली आणि मग कापलेल्या लाकडावर बसून राहिलो.

दुपारी गुन्वोर आली. नोतोद्देनला गेलीच नाही. कापलेली शिडी तिने पाहिली. धड असलेल्या दहांकडे बोट केलं.

"या चांगल्या आहेत?"

"मला वाटतं, आहेत."

"तुला वाटतं याला आता कोण विचारतंय? लोक कशावर विश्वास ठेवणार?"

म्हटलं, "रेषा बघून जेवढं कळतं तेवढं कळलंय. बाकी वजन देऊनच कळेल. कुणीतरी चढून बघायला हवं."

"मग चढ."

तिने सगळ्यात लांब शिडी उचलली आणि कोठाराच्या भिंतीला लावली. हाल्दोर पडल्यापासून शिडीला हात लावताना तिचा चेहरा बदलतो, असं त्यानेच मागे सांगितलं होतं. आज तिने पाय रोवले आणि दोन्ही दांडे दोन्ही हातांनी पकडले. बोटांची पेरं पांढरी झाली होती.

मी साठीला आलोय. सहाव्या पायरीवर थांबलो. खाली पाहिलं तर ती वर माझ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर राग होता की काय होतं, मला सांगता येणार नाही.

"थांबलास का? वरपर्यंत जा," ती म्हणाली. "मी धरलीय."

मग वरपर्यंत गेलो. आज चार शिड्या झाल्या. उरलेल्या सहांसाठी उद्या येते म्हणालीय.